बिनवाऱ्याच्या राज्यातला भिंगऱ्या

एका राज्यात सगळे होते, फक्त वारा नव्हता.

चुलीचा धूर तिथे खांबासारखा सरळ वर जाई. देवळावरचे निशाण ओल्या लुगड्यासारखे लोंबत राही. पिंपळाचे पान सळसळते, हे तिथल्या लेकरांना शपथ घेऊन सांगितले तरी पटत नसे. आणि नवल असे की याचे कोणालाच काही वाटेनासे झाले होते. माणूस कशालाही सरावतो, मग ते सुख असो की घुसमट.

घडले होते ते तीन पिढ्यांमागे. राजा रत्नकेतूच्या राज्याभिषेकाला ओवाळणीचे निरांजन वाऱ्याने विझले. अपशकुन झाला म्हणून राजा भडकला आणि त्याने अचलकंठ नावाच्या मांत्रिकाला आज्ञा केली, "वारा कैद करा." अचलकंठाने सात दिवस मंत्र म्हटले. आठव्या दिवशी राज्यातला सगळा वारा त्याने काचेच्या एका बुडबुड्यात भरला आणि तो राजवाड्याच्या तळघरात, खजिन्याच्या मधोमध ठेवला. वर शाप घातला: ज्या माणसाचा हात याला लागेल, तो जागच्या जागी दगड होईल. पुढे नऊ शूर पुरुष तळघरात उतरले. नऊही अजून तिथेच उभे आहेत.

त्या राज्यात उफणणाऱ्यांचे एक कुळ होते. मळणी झाली की तिवईवर उभे राहायचे, सुपातून धान्य ओतायचे. भूस वाऱ्याने पलीकडे जायचे, दाणा पायाशी पडायचा, हे त्यांचे काम. वारा गेला तसे कामही गेले. लोक दोघे दोघे मिळून चादर झटकू लागले, आणि निम्मे भूस भाकरीतून पोटात जाऊ लागले. पण या कुळातल्या बायकांनी एक रीत सोडली नाही. दर सुगीला त्यांच्यातली एक जण तिवईवर चढे, भरले सूप डोक्याच्या वर धरी आणि पश्चिमेकडे तोंड करून सकाळपासून दुपारपर्यंत उभी राही. न जाणो, आलाच तर? येणाऱ्याला आपण तयार दिसलो पाहिजे. गाव हसे. बायका उभ्या राहत.

त्या साली तिवईवर सोनकी उभी होती. वय तिशीचे, अंगाने काटक, बोलायला कमी. खाली सावलीत तिची म्हातारी आत्या भागाई बसली होती. भागाईने चाळीस सुग्या अशाच उभ्या राहून काढल्या होत्या आणि आता तिचे खांदे वर होत नव्हते.

दुपार टळायला आली. सोनकी सूप खाली घेणार, एवढ्यात माळावरून काही तरी तांबडे सुटत आले. कुत्रा होता. वर्षाचा असेल. लांब पायांचा, एक कान उभा, एक पडका. गळ्यात तुटलेली चांदीची साखळी आणि तोंडात राजाच्या प्रधानजींचा जरीचा जोडा. तो जोंधळ्याच्या राशीभोवती धावू लागला. पहिल्या फेरीला भूस हलले. दुसऱ्या फेरीला सोनकीचा पदर हलला. तिसऱ्या फेरीला तिच्या अवघडलेल्या हातातले सूप कलंडले. दाणा सरळ खाली पडला, आणि भूस हातभर बाजूला जाऊन पडले.

सोनकीच्या गालावरून काही तरी गार, हलके निघून गेले. तिला त्याचे नाव ठाऊक होते, पण ते काय असते हे ठाऊक नव्हते. तिच्या आईला ठाऊक नव्हते, आजीला नव्हते. ती तिवईवरच हात जोडून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

खळ्याच्या कडेला एक टिटवी बसली होती. टिटवीला माणसांसारखे बोलता येते, हे त्या राज्यात सर्वांना माहीत होते. पण माणसांशी बोलण्याजोगे तिला क्वचितच काही सापडे. आज सापडले.

"अचलकंठाने वारा भरला, तेव्हा दाराच्या फटीतून एक झुळूक निसटली," टिटवी म्हणाली. "तीन पिढ्या ती माळावर लपली. गेल्या साली ती धनगराच्या कुत्रीच्या पोटी शिरली. तो हा."

"मग उरलेला वारा कसा यायचा?" सोनकीने विचारले.

"माणसाचा हात लागला तर माणूस दगड होतो. याला हात नाहीत. याला तोंड आहे."

सोनकीने कुत्र्याकडे पाहिले. त्याने त्या तोंडाने एव्हाना जोड्याच्या चिंध्या केल्या होत्या.

इतक्यात राजवाड्याचे लोक पोहोचले. पन्नास शिपाई, दोन शिंगवाले, एक ताशेवाला आणि बर्फीचे तबक घेतलेला एक सेवक. "धरा, धरा!" असा एकच गलका झाला. कुत्र्याला आनंदाचे उधाण आले. त्याने सगळ्यांना माळभर पळवले, पोट भरेतो पळवले. आणि शेवटी बर्फी दाखवली तेव्हा उरलेला जोडा टाकून बर्फी घेतली. रोजचे असेच चाले. जोडा उचलला की पन्नास माणसे खेळायला येतात आणि वर मिठाई देतात, हे कुत्रा दोन दिवसांत शिकला होता. माणसे वर्षभरात काही शिकली नव्हती.

सोनकी त्यांच्या मागोमाग राजवाड्यात गेली.

राजा हंसकेतू स्वभावाने गरीब होता. तो सिंहासनावर जरा कलून बसला होता, कारण सिंहासनाचा एक पाय कुत्र्याने खाल्ला होता. धनगरांनी हे पिल्लू भेट दिले, तेव्हा राजाने त्याचे नाव वायुवेग ठेवले आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे त्याची बडदास्त ठेवली. रीत अशी, की राजाच्या जनावराचा पाय मातीला लागू नये. म्हणून वायुवेग दिवसभर मखमलीच्या गादीवर चांदीच्या साखळीने बांधलेला असे आणि संध्याकाळी चार भोई त्याला पालखीत बसवून फिरवून आणत. पालखी त्याने तिसऱ्याच दिवशी खाल्ली. नवी केली, तीही खाल्ली. राणीचा शालू, ज्योतिष्याचे पंचांग, दरबाराचे पडदे, सगळे त्याच वाटेने गेले. पंचांग गेल्यामुळे महिनाभर राज्यात एकही लग्न लागले नव्हते.

"महाराज, हा कुत्रा मला द्या," सोनकी म्हणाली.

"बाई, तो द्वाड आहे."

"त्याला पळायचे आहे, महाराज. तुम्ही बसवून ठेवला आहे."

सिंहासनामागून कोणी तरी बोलले. तो अचलकंठ होता. तीन पिढ्यांत तो मेला नव्हता, म्हातारा झाला नव्हता. त्याची पापणी लवत नव्हती आणि दाढीचा केस हलत नव्हता. फक्त ओठ हलत. "येत्या पौर्णिमेला कुत्रा माझा," तो म्हणाला. "राजाने शब्द दिला आहे. मी त्याला दगडाचा करून महाद्वाराशी बसवीन. मग तो कोणाचेही काही खाणार नाही."

सोनकीने मनाशी दिवस मोजले. आज अमावास्या होती, हाती पंधराच दिवस होते. तिने टिटवीचे बोलणे दरबारात जसेच्या तसे सांगितले. दरबार हसला. राजा मात्र हसला नाही. बुडबुड्याच्या भीतीने तो स्वतः कधी तळघराची पायरी उतरला नव्हता. कुत्र्याला एकदा पारखून पाहा, असे त्याने अचलकंठाला सांगितले.

"ठीक," अचलकंठ म्हणाला. "पौर्णिमेला त्याच्या तीन परीक्षा होतील. पहिली, कच्च्या सुताच्या एका धाग्याने बांधून त्याला भर बाजारातून आणायचे. धागा तुटता कामा नये. दुसरी, वाजंत्री वाजत असता भरल्या ताटासमोर त्याने बसून राहायचे. तिसरी, बुडबुडा तोंडात धरून त्याने समोरच्या राजखळ्यावर आणायचा. खळ्याबाहेर फुटला, तर वारा तिथेच मरेल आणि कुत्र्याला मी दगड करीन. त्याला माझा शाप लागत नाही हे खरे. पण काचेला त्याचे दात लागतात."

"कबूल," सोनकी म्हणाली. "माझ्याही तीन अटी आहेत. साखळी आणि पालखी नको. तो काहीही करो, त्याच्यामागे कोणी धावायचे नाही, ओरडायचे नाही. आणि काहीही उचलले तर बर्फी द्यायची नाही."

"आणि रीत?" प्रधानजींनी विचारले. त्यांच्या एकाच पायात जोडा होता.

"रीत राखायची की सिंहासनाचे उरलेले तीन पाय राखायचे, ते महाराजांनी ठरवावे."

राजाने सिंहासनाकडे पाहिले आणि रीत मोडली.

सोनकीने कुत्र्याला घरी आणले. वायुवेग हे नाव हाक मारायला फार लांब पडे, म्हणून ती त्याला भिंगऱ्या म्हणू लागली. पहाटेच ती त्याला माळावर नेई आणि गावशिवेला तीन फेऱ्या घाली. तिच्या एका फेरीत तो दहा फेऱ्या पळून येई. त्याच्या पळण्याने माळावरचे गवत वाकताना ती पाही. रोज पाही आणि रोज तिला नवल वाटे. शेळ्या वळणे, लाकडाची मोळी ओढणे, पुरलेले हाडूक हुडकून काढणे, असली कामे ती त्याला देई. चावायला एक म्हशीचे शिंग दिले. चावू नको म्हणण्यापेक्षा हे चाव म्हणणे त्याला लवकर समजले.

बाकीचे तिने उफणण्यातूनच घेतले. उफणणाऱ्यांचा नियम असा: वारा एकसारखा वाहतो तोवर ओतायचे, वावटळ उठली की सूप खाली घ्यायचे आणि गप्प उभे राहायचे. वावटळीवर ओरडून उपयोग नसतो. तसेच ती करी. भिंगऱ्या अंगावर उड्या मारू लागला, की ती हात खाली सोडून पाठ फिरवी आणि लिंबाच्या झाडाकडे बघत उभी राही. त्याचे चारही पाय जमिनीला टेकले, की वळून त्याला भाकरीचा तुकडा देई, बोले, पाठीवर हात फिरवी. पहिल्या दिवशी ती लिंबाकडे इतका वेळ बघत होती, की गावाला वाटले हिने नवस केला आहे.

दुपारी ती त्याला राजवाड्यात नेई, माणसांची सवय व्हावी म्हणून. पण माणसांना गप्प बसणे शिकवायला कुत्र्याहून जास्त दिवस लागले. तीन दिवस प्रधानजी ओरडले. चौथ्या दिवशी भिंगऱ्याने त्यांचा जोडा उचलला, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले. भिंगऱ्या थांबला. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. कोणीच येत नाही म्हटल्यावर त्याने जोडा खाली ठेवला. दरबारात पहिल्यांदाच असे झाले.

आठव्या दिवशी मात्र घात झाला. बाजाराचा दिवस होता. सोनकीला मीठमिरची आणायची होती, म्हणून पहाटेची फेरी तिने चुकवली आणि भिंगऱ्याला दाराशी बांधून गेली. संध्याकाळी परतली, तर अंगणभर बांबूच्या काड्या पसरलेल्या. कुळाचे सूप होते ते. पणजीने धरलेले, आजीने धरलेले, आईने धरलेले. त्याची साधी कडही शिल्लक नव्हती.

सोनकी किंचाळली. हाताला लागेल ते लाकूड तिने उचलले. भिंगऱ्या आधी शेपटी हलवत पुढे आला, आणि मग तिचा चेहरा पाहून जमिनीला पोट लावून मागे सरकला. अंगणातली हवा पार मेली. बसल्या जागी भागाईला श्वास घ्यायला जड झाले.

"लाकूड ठिव," भागाई म्हणाली.

"आत्या, ते सूप होतं! आपल्या कुळाचं!"

"दिसतंय मला. म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले. दिसभर भरलेलं सूप कुठं तरी वतनारच ना पोरी? तू आज त्याला वतायला जागा दिलीस का?"

सोनकी मटकन खाली बसली. चूक तिची होती. आठवडाभर जगाला सांगत फिरलेली गोष्ट ती स्वतःच एका बाजारासाठी विसरली होती. तिला लाज वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने लाकूड टाकले आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने भिंगऱ्या सरपटत आला आणि त्याने तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. दुसऱ्या दिवसापासून भागाई नवे सूप विणायला बसली, आणि पहाटेची फेरी पुन्हा कधी चुकली नाही.

मग वस्तू तोंडात धरून आणण्याचे शिक्षण सुरू झाले. आधी मक्याचे कणीस. मग पिकलेले केळे. शेवटी कोंबडीचे अंडे. तिच्या तळहातावर ठेवायचे, "सोड" म्हटल्यावरच सोडायचे, की भाकरीचा तुकडा. पहिली अकरा अंडी भिंगऱ्याच्या पोटात गेली. बारावे अंडे तिच्या तळहातावर आले, ओले, गरम आणि अखंड. सोनकी ते हातात घेऊन नुसती बघत राहिली. ज्या जबड्याने सिंहासनाचा पाय फोडला, त्याच जबड्याने हे आणले होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी टिटवी कुंपणावर येऊन बसली.

"एक सांगायचे राहिले," ती म्हणाली. "बुडबुडा फुटला, की या कुत्र्यातली झुळूकही आपल्या सोबत्यांकडे जाईल."

"आणि भिंगऱ्या?"

"झुळूक गेल्यावर काय उरते, ते मी पाहिलेले नाही."

वारा आणला नाही तर कुत्रा दगड होणार, आणि आणला तर कदाचित रिकामा होणार. भिंगऱ्या तिच्या पायाशी शिंग चघळत पडला होता. तिने टिटवीला विचारले, "दगड आणि रिकामा यात काही फरक असेल?" टिटवी उडून गेली.

पौर्णिमा उजाडली. सोनकीने त्या दिवशी तीनऐवजी सहा फेऱ्या घातल्या आणि मग भिंगऱ्याच्या गळ्यात कच्च्या सुताचा धागा बांधला. बाजारात खाटिकाचे दुकान लागले, कोंबड्या लागल्या, दोन भांडणारे बोके लागले. धागा सैलच राहिला. दरबारात पक्वान्नांचे ताट मांडले, ताशे वाजले, शिंगे फुंकली गेली. भिंगऱ्याच्या तोंडाला पाणी सुटले, ते फरशीवर टपकले, अंग थरथरले. पण तो सोनकीच्या हाताकडे बघत बसून राहिला. ताशेवाल्याचे हात दुखले तेव्हा परीक्षा संपली.

मग तळघराचे दार उघडले गेले. शंभर पायऱ्या होत्या. सोनकी आणि भिंगऱ्या उतरले.

खाली सोन्याच्या राशी होत्या, आणि राशींभोवती नऊ दगडी पुरुष हात पुढे करून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यांवर अजून हाव होती, एकाच्या चेहऱ्यावर मात्र रडू होते. मधोमध बुडबुडा. नारळाएवढा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. आणि त्याच्या आत ढग पळत होते, पाने उडत होती, तीन पिढ्यांपूर्वीची धूळ अजून गरगरत होती. सोनकीला वाटले, आपण इथे बोलणेसुद्धा पाप आहे.

भिंगऱ्याने बुडबुडा पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. गोल, चकाकणारे आणि हलणारे! त्याने पुढचे पाय टेकून मागचे अंग वर केले. एक उडी आणि सगळे संपले असते. सोनकीच्या ओठांवर ओरडणे आले होते. तिने ते गिळले, हात खाली सोडले आणि त्याच्याकडे पाठ करून पायरीवर बसली.

मागे नखांचा आवाज झाला. मोहरांचा हंडा कलंडला. मग काहीच ऐकू येईना. सोनकी डोळे मिटून बसली होती. आपल्यामागे काय चालले आहे हे न पाहण्याएवढे अवघड काम तिने कधी केले नव्हते. बऱ्याच वेळाने तिच्या उजव्या हाताशी कोमट श्वास आला. तिने डोळे उघडले. भिंगऱ्या समोर उभा होता, बुडबुडा ओठांत अलगद धरलेला, अखंड. आणि शिकवल्याप्रमाणे तो त्या बुडबुड्यासह तिच्या तळहाताकडे वाकत होता.

सोनकीने हात झटक्यात मागे घेतले. तळहातावरच द्यायचे, हे तिनेच त्याला शिकवले होते. या हातावर बुडबुडा टेकला, की दहावा दगड उभा राहणार होता. हे तिच्या आधी लक्षात कसे आले नाही, ते देव जाणे. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, उठली आणि पायऱ्या चढू लागली. भिंगऱ्या गोंधळला. हात कुठे गेला? तो प्रत्येक पायरीला पुढे होऊन मान वर करी, आणि सोनकी प्रत्येक पायरीला म्हणे, "चल, बाळा. अजून नाही." शंभर वेळा त्याने विचारले, शंभर वेळा तिने सांगितले.

ती उन्हात आली तेव्हा राजखळ्याच्या चारी बाजूंना सगळे राज्य उभे होते. मध्ये त्या साली मळलेल्या जोंधळ्याची रास होती. अजून चाळीस पावले होती. इतक्यात खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या अचलकंठाने आपला हात उचलला. तीन पिढ्यांत पहिल्यांदा उचलला. त्याबरोबर शिंगे आपोआप फुंकली गेली, ताशे आपोआप कडाडले, आणि बर्फीने भरलेली तबके हवेतून येऊन भिंगऱ्याच्या नाकासमोर तरंगू लागली. "धरा, धरा!" असे शंभर आवाज उठले, आणि ते कोणाच्याच तोंडचे नव्हते.

भिंगऱ्याचे कान ताठ झाले. पाय थरथरले. काच किंचित करकरली, ती सोनकीला एवढ्या गोंगाटात ऐकू आली. राजा हंसकेतू सज्जातून ओरडायला उभा राहिला. प्रधानजींनी पुढे होऊन राजाचे तोंड दाबले. राजाच्या तोंडावर हात ठेवणाऱ्याला त्या राज्यात देहांताची शिक्षा होती, पण प्रधानजी आता शिकलेले होते.

सोनकी उभी राहिली. हात डोक्यावरच, तोंडातून शब्द नाही, नजर त्याच्यावर. वावटळ जाऊ द्यायची. भिंगऱ्याने तबकाकडे पाहिले, ताशांकडे पाहिले, आणि मग सोनकीकडे पाहिले. ती काहीच करत नव्हती. म्हणजे थांबायचे. तो थांबला. तिने पाऊल उचलले, तसे त्यानेही उचलले. चाळीस पावले झाली.

राशीसमोर पोहोचून सोनकी त्याच्यापुढे बसली. एक शब्द उरला होता. तिने त्याच्या पडक्या कानाकडे पाहिले आणि मनात म्हणाली, माझ्या कुळाने वाऱ्यासाठी तीन पिढ्या हात वर धरले, पण तुझ्याएवढे मला त्याचे काही नाही. सगळे राज्य तिच्याकडे पाहत होते. भिंगऱ्याही पाहत होता, आणि त्याचा जबडा दुखू लागला होता.

"सोड," ती म्हणाली.

बुडबुडा खळ्यावर पडला आणि फुटला.

आधी काही झाले नाही. मग देवळावरचे निशाण एकदा हलले, आणि तीन पिढ्यांचा वारा एका दमात उठला. पिंपळ असा सळसळला, की लेकरे आयांना बिलगली. धुराचे खांब मोडले. म्हातारी माणसे तोंड उघडून तो वारा पाण्यासारखी पिऊ लागली. तळघरातून नऊ जण खोकत वर आले आणि कोणता वार आहे ते विचारू लागले. अचलकंठाच्या दाढीचा एक केस हलला, मग सगळी दाढी हलली. मग त्याची पापणी लवली, आणि तो एकदम फार म्हातारा होऊन खाली बसला. त्याने पाणी मागितले. भागाईने दिले.

"पोरी, वारा आलाय!" भागाई नवे सूप घेऊन ओरडली. "चढ तिवईवर!"

"तुम्ही चढा, आत्या," सोनकी म्हणाली.

भिंगऱ्या शिंकला होता. त्या शिंकेसरशी एक लहानशी झुळूक त्याच्या नाकातून निघाली, सोनकीच्या गालावरून गेली आणि मोठ्या वाऱ्यात मिसळली. मग त्याचे पाय मुडपले आणि तो आडवा झाला. सोनकीने त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. सगळे राज्य नाचत होते. तिने मान वर करून पाहिलेही नाही. एवढी वर्षे मागितलेले मिळाले होते, आणि तिला ते नको होते.

वर तिवईवर भागाईचे खांदे कसे कोण जाणे, पण वर झाले होते. तिने सूप कलंडले. दाणा पायाशी पडला आणि भुसाचा सोनेरी पट्टा वाऱ्यावर लांब निघाला. तो सोनकीच्या डोक्यावरून गेला, भिंगऱ्याच्या नाकावरून गेला.

भिंगऱ्याने एक डोळा उघडला. आजवर त्या राज्यात धावणारा असा तो एकटाच होता. आता सगळेच धावत होते: भूस, पाने, पदर, निशाणे. त्याने दुसरा डोळा उघडला. पडका कान उभा राहिला. तो उठला, जोराने भुंकला, राशीतून आरपार गेला, जोंधळा चहूकडे उधळला आणि राजाच्या खांद्यावरून उडालेला शेला हवेतच पकडून खळ्याभोवती सुसाट पळत सुटला.

पन्नास शिपाई आपापल्या जागी गप्प उभे राहिले. राजा हंसकेतू सज्जातून खाली आला आणि भीत भीत म्हणाला, "बाई, झुळूक त्याच्यातून निघून गेली ना?"

"गेली, महाराज."

"मग हे काय?"

सोनकी रडत होती आणि हसतही होती. "महाराज," ती म्हणाली, "हा कुत्रा आहे. वर्षाचा आहे."

त्या राज्याला वारा मिळाला आणि सोनकीला भिंगऱ्या उरला. ऐकणाऱ्यांनो, तुम्ही ज्याची वाट पाहता ते तुम्हाला मिळो, आणि ते मिळाल्यावर ज्याच्यावर जीव जडला तेही तुमच्यापाशी उरो.